वाचकांचे प्रश्न : बीट तयार करण्यासाठी यंत्र घ्यावे की संगणकावर काम करावे?

प्रश्न : आमच्या घरात हलगी आणि घुमकं वाजवण्याची परंपरा आहे. मी बेळगावात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घरच्या ठेक्यांवर नव्या पद्धतीचे बीट, म्हणजे रॅपखाली वाजणारे ठेक्याचे संगीत, तयार करावेत आणि मराठी व कन्नड अशा दोन्ही भाषांत रॅप करणाऱ्या माझ्या मित्रांना ते द्यावेत, अशी माझी इच्छा आहे. माझ्याकडे ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे आणि सुट्टीत उद्यमबागेत काम करून साठवलेले ४० हजार रुपये आहेत. काही मित्र म्हणतात की खरा बीट एमपीसीसारख्या पॅडच्या यंत्रावरच होतो. इतर मित्र म्हणतात की यंत्रावर पैसे घालवू नकोस, एफएल स्टुडिओ हे संगणकावरचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे. मी काय घ्यावे?
— एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : आपल्याजवळची रक्कम, हाताशी असलेला लॅपटॉप आणि अंगात असलेले हलगीचे वादन या तिन्हींचा विचार करता आपण संगणकावरच सुरुवात करावी, मात्र पडद्यावरच्या ठेक्याच्या चौकटी माउसने भरत न बसता संगणकाला १६ पॅडचा कंट्रोलर जोडून हाताने वाजवावे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतंत्र यंत्र कमी प्रतीचे असते म्हणून मी हे सांगत नाही. घरच्या हलगीचे ध्वनिमुद्रण करणे, त्यातले आघात सुटे करणे, त्यांवर बीट बांधणे आणि शेवटी मित्राचा आवाज चढवून गाणे पूर्ण करणे, हे आपले सारे काम अखेरीस संगणकावर येऊनच पुरे होणार आहे. यंत्राला आपली सगळी रक्कम लागेल किंवा तीही अपुरी पडेल, आणि मग मायक्रोफोन व हेडफोन यांच्यासाठी हाती काहीच उरणार नाही.

खरा बीट यंत्रावरच होतो, ही समजूत एका काळी बरोबर होती. १९८० मध्ये आलेल्या रोलंड टीआर-८०८ या यंत्रात ढोलाचा खोल आवाज त्याच्या विद्युतमंडलातच तयार होत असे. तो आवाज हवा असेल तर ते यंत्रच हवे, दुसरा मार्ग नव्हता. १९८३ पर्यंत त्याची सुमारे १२ हजार यंत्रे तयार झाली आणि उत्पादन थांबले. रॉजर लिन यांनी घडवलेले अकाई एमपीसी६० हे यंत्र १९८८ मध्ये आले. कोणताही आवाज मुद्रित करून १६ पॅडवर मांडावा आणि बोटांनी वाजवावा ही सोय त्यात होती, आणि त्या वेळच्या बहुतेक घरगुती संगणकांना हे काम झेपण्यासारखे नव्हते. आज परिस्थिती पालटली आहे. टीआर-८०८ चे आवाज बीट करण्याच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मिळतात, आणि आजच्या स्वतंत्र एमपीसीच्या पोटात प्रोसेसर, मेमरी आणि सॉफ्टवेअर हेच असते. त्यामुळे कशाचा आवाज अधिक चांगला, हा प्रश्न मी जवळजवळ निकालात निघाल्यासारखा मानतो. उरतो तो प्रश्न हाताचा आणि जागेचा : आपला हात कशावर मोकळा चालतो, आणि तयार झालेला बीट कुठे वाजणार आहे.

हाताचा विचार आपल्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा आहे. हलगीवर एकच आघात हलका, मध्यम किंवा कडक कसा पडतो यावर सगळी चाल उभी राहते, आणि माउसने चौकट भरताना ही जाण वापरलीच जात नाही. पॅडचा कंट्रोलर स्वतः आवाज काढत नाही. कोणते पॅड दाबले आणि किती जोराने दाबले एवढाच निरोप तो संगणकाला देतो. हा निरोप देण्याची मिडी नावाची पद्धत १९८३ मध्ये रूढ झाली आणि तिच्यात आघाताचा जोर १ ते १२७ या आकड्यांत नोंदला जातो. म्हणून कंट्रोलर घेताना दिव्यांच्या झगमगाटाकडे न पाहता हलका आघात तो नीट ओळखतो का, हे दुकानात स्वतः वाजवून पाहावे. हलक्या बोटाला जे पॅड प्रतिसादच देत नाही, ते हलगीवाल्याच्या कामाचे नाही.

संगणकाविषयीची एक तक्रार खरी आहे आणि ती समजून घ्यायला हवी. पॅडवर बोट पडल्यापासून आवाज कानी येईपर्यंत जो विलंब होतो, त्याला लेटन्सी म्हणतात. संगणक ध्वनीचे नमुने गठ्ठ्याने बाहेर पाठवतो. सेकंदाला ४४,१०० नमुने या वेगाने ५१२ नमुन्यांचा गठ्ठा ठेवला तर सुमारे ११.६ मिलिसेकंद जातात, २५६ नमुन्यांचा ठेवला तर ५.८, आणि इतर यंत्रणेचा थोडा विलंब त्यात मिळतो. हवेतून आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर पुढे जातो, म्हणजे ११.६ मिलिसेकंदांचा विलंब हा चार मीटरवरच्या स्पीकरमधून आवाज ऐकण्याइतकाच आहे. तरीही हलगी अंगालगत धरून वाजवण्याची सवय असलेल्याला तो जाणवतो. विंडोजच्या नेहमीच्या ध्वनियंत्रणेवर हा विलंब याहून बराच वाढतो, आणि लॅपटॉपवर बीट होत नाही असे म्हणणाऱ्या अनेकांचा खरा अनुभव हाच असतो. ऑडिओ इंटरफेस, म्हणजे संगणकात आवाज आत-बाहेर नेणारी छोटी पेटी, घेऊन तिचा आसिओ नावाचा कमी विलंबाचा ड्रायव्हर वापरला की ही अडचण बहुतांशी दूर होते. ब्लूटूथचे हेडफोन मात्र या कामाला अजिबात वापरू नयेत, कारण त्यांचा विलंब कोणत्याही सेटिंगने नाहीसा होत नाही.

आपल्या लॅपटॉपला ४ जीबी रॅमवर काम जड जाईल. आत जागा असेल तर रॅम ८ जीबी करून घ्यावी आणि जुनी फिरती हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी. सॉफ्टवेअरच्या बाबतीत एफएल स्टुडिओची चाचणी आवृत्ती आधी वापरून पाहावी. तिच्यात जवळजवळ सगळी साधने खुली असतात, मात्र जतन केलेले काम खरेदी केल्याशिवाय पुन्हा उघडता येत नाही. खरेदीच्या वेळी एक गोष्ट नीट पाहावी. त्याच्या सर्वांत स्वस्त, म्हणजे फ्रूटी या आवृत्तीत बाहेरचा आवाज थेट मुद्रित करून गाण्याच्या पट्टीवर मांडण्याची सोय अनेक वर्षे नव्हती, त्यामुळे आज ती आहे का, हे तपासावे. नसेल तर प्रोड्यूसर ही वरची आवृत्ती लागेल. हलगीचे मुद्रण ऑडॅसिटी या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करून सुटे आघात फ्रूटी आवृत्तीत घेता येतील, परंतु ती सोय नसेल तर गायकाचा आवाज चढवताना पुन्हा तीच अडचण येईल. एकदा घेतल्यावर पुढच्या आवृत्त्या फुकट मिळतात, हा एफएल स्टुडिओचा मोठा फायदा आहे. रीपर हे सॉफ्टवेअर ६० दिवस पूर्ण वापरून पाहता येते आणि जुन्या लॅपटॉपवरही हलके चालते. मुद्रणासाठी मला ते अधिक सोयीचे वाटते, पण चौकटींमध्ये ठेका मांडण्याचे काम एफएल स्टुडिओत लवकर होते. चोरून मिळणाऱ्या आवृत्त्यांपासून दूर राहावे. त्यांच्याबरोबर येणाऱ्या घातक फाइलींमुळे अनेक महिन्यांचे काम एका रात्रीत जाऊ शकते, आणि जो स्वतःच्या बीटचे पैसे मागणार आहे त्याने दुसऱ्याच्या कामाचे पैसे बुडवू नयेत.

आता ठेक्याकडे येतो, कारण आपल्या प्रश्नाचा गाभा मला तिथेच दिसतो. बहुतेक यंत्रे आणि सॉफ्टवेअर ठेका १६ चौकटींमध्ये मांडतात. केरवा तालाच्या आठ मात्रा, धा गे ना ती ना के धि ना, प्रत्येकी दोन चौकटी देऊन त्यात बरोबर बसतात. दादऱ्याच्या सहा मात्रांना १२ आणि रूपकाच्या सात मात्रांना १४ चौकटी लागतात, त्यामुळे चौकटींची संख्या बदलता येते का, हे यंत्र किंवा सॉफ्टवेअर निवडताना आवर्जून विचारावे. एवढे जमले तरी मुख्य अडचण उरतेच. भजनी ठेका चौकटीत आखून वाजवला की त्यातला झोल निघून जातो, आणि हलगीच्या चालीतले मधले आघातही आखलेल्या जागेवर पडत नाहीत. ते किंचित मागे रेलतात, आणि त्या रेलण्यावरच यात्रेतला माणूस पाय उचलतो. रॉजर लिन यांच्या यंत्रांमुळे स्विंग नावाची जी सोय रूढ झाली, ती याच कामाची आहे. मात्रेच्या दोन भागांपैकी दुसरा भाग ती मागे सरकवते. आकडा ५० असेल तर दोन्ही भाग समान असतात, ६६ च्या आसपास मात्रेचे तीन भाग केल्यासारखी झोकेदार चाल येते, आणि या दोहोंच्या मधली जागा हलगीसाठी धुंडाळण्यासारखी आहे. मी ५४ ते ५८ च्या दरम्यान ऐकून पाहायला सांगेन.

परंतु स्विंग सगळे आघात एकाच मापाने सरकवते, आणि आपल्या वडीलधाऱ्यांचा हात तसा चालत नाही. म्हणून हलगीचा थर पॅडवर हाताने वाजवून मुद्रित करावा आणि आघात आपोआप चौकटीत ओढणारी क्वांटाइझची सोय त्या थरापुरती बंद ठेवावी. खालचा आधुनिक ढोल मात्र चौकटीवर पक्का ठेवावा. दोन थरांमधल्या या ताणातून जी चाल तयार होते, ती बाहेरून विकत घेतलेल्या तयार लूपमधून, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या तुकड्यांतून, मिळत नाही. जुनी यंत्रे हे करू शकत नव्हती असेही नाही. एमपीसी६० मात्रेचे ९६ भाग करत असे, म्हणजे मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत प्रत्येक भाग सुमारे ५.२ मिलिसेकंदांचा होई, आणि वादकाच्या हाताची ढब टिपायला तेवढे पुरेसे होते. तेव्हा या बाबतीतही यंत्र आणि संगणक यांच्यात डावे-उजवे करण्याचे कारण नाही. हाताने वाजवायचे की नाही, एवढेच ठरवायचे आहे.

वाचलेल्या पैशांतून मायक्रोफोन घ्यावा, असे मी सुचवतो, कारण आपल्या घरात जे आहे ते कोणत्याही सॉफ्टवेअरच्या आवाजसंग्रहात नाही. हलगीचा आघात कानठळ्या बसवणारा असतो, त्यामुळे मोबाइलवर मुद्रण केले तर त्याची आपोआप आवाज कमी-जास्त करणारी सोय प्रत्येक आघाताचा जोर सपाट करून टाकते. साधा डायनॅमिक मायक्रोफोन या कामाला उत्तम. तो मोठा आवाज सहज पेलतो आणि त्याला इंटरफेसकडून ४८ व्होल्टचा पुरवठाही लागत नाही. तो हलगीपासून तीन-चार फुटांवर ठेवावा आणि सर्वांत कडक आघाताला पातळी उणे १० डेसिबलच्या पुढे जाणार नाही अशी मांडणी करावी. पत्र्याच्या छपराखाली किंवा रिकाम्या खोलीत मुद्रण करू नये, आवाज भिंतींवर आपटून परत येतो. खळ्यावर किंवा मोकळ्या परड्यात सकाळच्या शांत वेळी करावे. खानापूरच्या पावसात चामडे सैल पडते, हे आपल्याला मी सांगायला नको. हलगी शेकल्यानंतर जसजशी थंड होते तसा तिचा सूर उतरतो, म्हणून एका शेकात एकाच प्रकारचे आघात उरकावेत, नाहीतर हलके आघात वरच्या सुराचे आणि कडक आघात खालच्या सुराचे होतात आणि ते बीटमध्ये एकाच हलगीचे वाटत नाहीत. प्रत्येक आघात हलक्यापासून कडकापर्यंत तीन-चार पातळ्यांवर, आणि प्रत्येक पातळीवर तीन-चार वेळा मुद्रित करावा. तोच एक आघात पुन्हा पुन्हा वाजला की ऐकणाऱ्याच्या कानाला यंत्राचा वास येतो. जागेची चिंता नको, कारण अर्ध्या तासाचे एकपदरी (मोनो) मुद्रण साधारण १६० एमबी भरते.

सुटे आघात पुरेसे न पडणारी वाद्येही आपल्या भागात आहेत. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या गाण्यांतले चौंडके तारेचा ताण कमी-जास्त करत वाजते, त्यामुळे त्याचा सूर आघातानंतरही वर-खाली सरकत राहतो. ढोलकीच्या धुमीचेही तसेच आहे. अशा वाद्याचा एकच आघात पॅडवर घेतला तर तो निर्जीव ऐकू येतो. तिथे वादकाकडून चार-आठ आवर्तने सलग वाजवून घ्यावीत आणि त्यांतले तुकडे वापरावेत. घुमक्याचा खोल आवाज आणि टीआर-८०८ चा ढोल हे दोघेही ध्वनीच्या तळाशी एकाच जागेसाठी भांडतात. ज्या बीटमध्ये घुमकं असेल तिथे मी त्या ढोलाला रजा देईन. आणि घराबाहेरच्या वादकाचे मुद्रण केले तर त्याची आधी परवानगी घ्यावी, त्याला मानधन द्यावे आणि बीट प्रसिद्ध करताना त्याचे नाव लिहावे. या कलावंतांच्या हातची चाल पिढ्यान्‌पिढ्या फुकट वापरली गेली आहे, ती पद्धत आपल्या पिढीने चालू ठेवू नये असे मला मनापासून वाटते.

स्वतंत्र यंत्राची पाळी आपल्यावर केव्हा येईल, हेही सांगतो. पडद्यासमोर बसल्यावर हात वाजवण्याऐवजी नवनवे आवाज शोधण्यातच वेळ जाऊ लागला, किंवा मित्रांबरोबर मंचावर उभे राहून बीट प्रत्यक्ष वाजवण्याची वेळ आली, तर यंत्राचा विचार जरूर करावा. यंत्राच्या मर्यादेत एक मोठे बळ असते. १९८७ च्या एसपी-१२०० या यंत्रात एकूण १० सेकंदांचाच आवाज मावत असे, आणि त्या तंगीतून हिप-हॉपची एक संपूर्ण शैली घडली. ही शिस्त लॅपटॉपवरही आजपासून पाळता येईल : एका बीटमध्ये आठांपेक्षा अधिक आवाज घ्यायचे नाहीत, असे ठरवून पहिले काही बीट पूर्ण करावेत.

प्रश्न : मी आमच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टापॅड वाजवतो. माझ्याकडे एसपीडी-२० हा रोलंडचा जुना ऑक्टापॅड आहे. गणेशोत्सव, यात्रा आणि लग्नसमारंभांत आम्ही मराठी, कन्नड आणि हिंदी गाणी सादर करतो. आता प्रेक्षकांना हलगीचे आणि नव्या डॉल्बी बीटचे आवाज हवे असतात. मंचावर लॅपटॉप न्यावा, की स्वतःचे आवाज भरता येणारे नवे पॅड घ्यावे?
— एक पॅडवादक, निपाणी

उत्तर : पॅड घ्यावे. वरच्या वाचकाला मी संगणकाकडे वळवले आणि आपल्याला यंत्राकडे वळवत आहे, याचे कारण आपला बीट लोकांसमोर आणि गायकाच्या श्वासाबरोबर घडतो. गायक कडव्याच्या आधी थांबला, किंवा भजनाच्या शेवटी लय चढू लागली, तर हात त्याच्यामागे जाऊ शकतो. लॅपटॉपमधला ठरावीक लयीचा लूप जाऊ शकत नाही. भजनात तर लूप चालवूच नये, असे माझे मत आहे.

आपल्या एसपीडी-२० मध्ये त्याचे स्वतःचे आवाज आहेत आणि बाहेरचे आवाज त्यात भरता येत नाहीत. एसपीडी-३० मध्येही आपले मुद्रण घालता येत नाही, त्यामुळे जुने देऊन तो घेतल्याने आपली गरज भागणार नाही. एसपीडी-एसएक्स या नऊ पॅडच्या यंत्रात स्वतःचे आवाज भरता येतात. आपल्याला त्या जातीचे यंत्र हवे आहे. एकदम खर्च शक्य नसेल तर एक मधला मार्ग आहे : एसपीडी-२० ला पाच पिनांची मिडी जोडणी असते, ती स्वस्त अडॅप्टरने लॅपटॉपला जोडून त्याच पॅडवर लॅपटॉपमधली हलगी वाजवता येते. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतका असल्याने एका आघाताचा निरोप पोहोचायला जेमतेम एक मिलिसेकंद लागतो, म्हणजे विलंब झालाच तर तो लॅपटॉपच्या ध्वनियंत्रणेचा असतो. सरावाला आणि आवाज पारखायला ही सोय चांगली आहे, मंचावर मात्र मी तिच्या भरवशावर राहणार नाही. ऐन गाण्यात पडद्यावर अपडेट सुरू झाले किंवा एखादी वायर पायात येऊन निघाली, तर सावरायला वेळ मिळत नाही.

लॅपटॉप घरी ठेवून त्याच्यावर आवाज तयार करावेत. प्रत्येक आघात १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाइलमध्ये ठेवावा आणि फाइलच्या सुरुवातीची शांतता अगदी काठापर्यंत कापावी. नव्या पॅडला विलंब आहे अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे कारण पुष्कळदा फाइलच्या आरंभी राहून गेलेली ही वीस-तीस मिलिसेकंदांची शांतता असते. सगळे आघात एकाच पातळीवर आणावेत, नाहीतर एका गाण्यात हलगी बुडते आणि पुढच्या गाण्यात ती गायकाच्या डोक्यावर बसते. डॉल्बीच्या भिंतीवर अनेकदा डावा-उजवा आवाज एकत्र करूनच वाजवला जातो. त्यामुळे स्टिरिओमध्ये भरदार वाटणारा एखादा आवाज मैदानावर पोकळ होतो. घरी तो एकपदरी करून ऐकावा आणि पातळ झाला तर टाकून द्यावा. मराठी, कन्नड आणि हिंदी गाण्यांचे संच वेगवेगळे न करता ठेक्यानुसार करावेत, कारण केरव्याचे गाणे कोणत्याही भाषेतले असो, हाताला तेच पॅड त्याच जागी सापडले पाहिजे.

विजेची काळजी गावोगावी कार्यक्रम करणाऱ्याला सर्वांत अधिक घ्यावी लागते. या एका बाबतीत लॅपटॉप पुढे आहे. वीज गेली तरी त्याची बॅटरी चालू राहते, पण अडॅप्टरवर चालणारे पॅड त्याच क्षणी बंद पडते आणि वीज आल्यावर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेते. जनरेटरवर चालणाऱ्या यात्रेच्या कार्यक्रमाला पॅडसाठी स्वतंत्र छोटा यूपीएस न्यावा. दुसऱ्या कुणाचा अडॅप्टर लावू नये : रोलंडच्या पॅडचे ९ व्होल्टचे अडॅप्टर मधली पिन ऋण असलेले असतात, तर बाजारात मिळणारे अनेक अडॅप्टर याच्या उलट असतात, आणि चुकीचा अडॅप्टर लावल्यास यंत्र कायमचे जाऊ शकते. स्पीकरमधून ५० हर्ट्झची गुणगुण येऊ लागली तर काही जण प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. ते जिवावर बेतू शकते, विशेषतः ओल्या मांडवात. पॅड आणि मिक्सर यांच्यामध्ये डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा आवाज मिक्सरला जुळवून देणारी छोटी पेटी, लावून त्याची ग्राउंड तोडणारी कळ दाबावी. गुणगुण जाते आणि अर्थिंग शाबूत राहते.

जुने पॅड घेण्याचा विचार असेल तर प्रत्येक पॅड मधोमध आणि कडेला, हलक्या व जोराच्या आघाताने स्वतः वाजवून पाहावे, आणि एका पॅडवर मारल्यावर शेजारचे पॅड वाजत नाही ना, हे तपासावे. बिघाड झाल्यास यंत्र दुरुस्तीसाठी मोठ्या शहरात पाठवावे लागते आणि हंगाम तोपर्यंत निघून जातो, म्हणून नवे घेतल्यावरही एसपीडी-२० विकू नये; तो कार्यक्रमाच्या गाडीत असू द्यावा.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. तो मोबाइलवर बीट तयार करतो आणि आता त्यासाठी लॅपटॉप मागतो आहे. मोबाइलवर हे काम खरोखर शिकता येते का, की तो म्हणतो तसा लॅपटॉप घेऊन द्यावा?
— एक पालक, शहापूर, बेळगाव

उत्तर : मोबाइलवर बीट शिकता येतो, आणि सध्या तेवढे पुरेसे आहे. आयफोन असेल तर गॅरेजबँड मोफत मिळते. अँड्रॉइडवर बँडलॅब मोफत आहे, एफएल स्टुडिओ मोबाइल आणि कोआला सॅम्पलर ही अॅप थोड्या पैशांत मिळतात. यांपैकी कोआला सॅम्पलर मला मुलांसाठी विशेष आवडते, कारण त्यात घरातला कोणताही आवाज मुद्रित करून लगेच पॅडवर वाजवता येतो आणि मूल तयार लूप जोडण्याऐवजी स्वतःच्या कानाने ऐकू लागते. अँड्रॉइडच्या काही मोबाइलवर विलंब अधिक असतो; बोट आणि आवाज यांच्यात अंतर पडते अशी त्याची तक्रार असेल तर ती खरी मानावी आणि आधी वायरचा हेडफोन देऊन पाहावे.

लॅपटॉपपेक्षा त्याला आज तबल्याचा किंवा ढोलकीचा वर्ग अधिक उपयोगी पडेल. आठ मात्रांचे आवर्तन तोंडाने म्हणत हाताने टाळी-खाली धरता आली की कोणत्याही पडद्यावरची चौकट त्याला आपोआप उमगेल, आणि शहापूर-वडगाव भागात भजनी मंडळांत बसून हे ऐकण्याची संधीही सहज मिळते. दहावीनंतर त्याच्या शिक्षणासाठी लॅपटॉप घेणारच असाल तर ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला घ्यावा. बीटसाठी वेगळा, महागडा लॅपटॉप लागत नाही. तोपर्यंत मोबाइलवर केलेले बीट नुसते एका फाइलमध्ये न ठेवता हलगी, ढोल, सूर असे वेगवेगळे थर वेव्ह फाइलमध्ये काढून जपायला त्याला सांगावे, म्हणजे ते काम पुढे लॅपटॉपवर घेता येईल.